सांगाड्यामागचा गेंडा: फोटो नसताना शरीर इतकं "अचूक" कसं काढायचे, आणि त्यावरून आज शिकावं का

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहात, चित्रकलेचा हात आहे, आणि अल्बिनस नावाच्या डच अ‍ॅनॉटॉमिस्टच्या १७४७ च्या पुस्तकातली एक प्लेट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, तुम्हाला कुणीतरी पाठवलीय ज्यात सांगाडा उभा आहे आणि मागं गेंडा चरतोय. तुम्ही विचारलंय की कॅमेरा नव्हता तर इतकं अचूक काढलं कसं, गेंडा तिथं काय करतोय, आणि अशा प्लेट कॉपी करून अ‍ॅनॉटॉमी शिकली तर चालेल का, की जुनं आहे म्हणून चुकीचंच डोक्यात बसेल.

मी गेली बावीस वर्षं मेडिकल इलस्ट्रेशन करते, जास्त करून सर्जरीच्या पुस्तकांसाठी आणि ऑपरेशनच्या मॅन्युअलसाठी. शिकताना मी स्वतः याच प्लेट कॉपी केल्या होत्या आणि अजूनही अडलं की उघडून बघते, त्यामुळं उत्तर लांबणार आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो, पण" असं आहे आणि तो "पण" कळायला आधीचे दोन प्रश्न लागतात.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न कॅमेऱ्याचा नाहीच. तुम्ही "अचूक" म्हणालात, सगळी मेख त्या शब्दात आहे. अचूक म्हणजे कुणासारखं? समोर टेबलावर जी एक बॉडी आहे तिच्यासारखं, की माणसाचं शरीर साधारणपणे जसं असतं तसं? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एका चित्रात त्या दोन्ही बसवता येत नाहीत. अठराव्या शतकातल्या अ‍ॅनॉटॉमिस्टना हे पक्कं माहीत होतं, प्रत्येकानं आपापली बाजू निवडली आणि काहींनी ती प्रस्तावनेत लिहूनही ठेवली.

माझ्या कामातलं उदाहरण देते. सुरुवातीच्या वर्षांत पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी कॅलोट ट्रँगलचं चित्र हवं होतं, म्हणजे पित्ताशयाची नळी, लिव्हरकडून येणारी नळी आणि लिव्हर यांच्यामधली ती छोटी जागा जिथं सर्जनला सिस्टिक आर्टरी, म्हणजे पित्ताशयाची रक्तवाहिनी, शोधून क्लिप लावायची असते. मी डिसेक्शन हॉलमध्ये तीन दिवस बसून एकाच बॉडीवरून काढलं, चरबी थोडी थोडी बाजूला करत, आणि त्या बॉडीत आर्टरी लिव्हरच्या नळीच्या पुढून आडवी जात होती. नेहमी असं नसतं. सरांनी चित्र बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "हे अगदी खरं आहे, पण पहिल्या पानावर हे टाकलं तर पोरं हेच नॉर्मल समजतील." मग मी आणखी दोन-तीन बॉडी बघून, चार पुस्तकं लावून परत काढलं, आणि जे तयार झालं ते मी प्रत्यक्षात कुठल्याच एका माणसात बघितलेलं नव्हतं. पहिल्या पानावर तेच गेलं. आधीचं चित्र पुढच्या पानावर "असंही सापडू शकतं" म्हणून गेलं. दोन्ही माझ्या हातची आणि दोन्ही खरी, फक्त त्यांचं काम वेगळं. हे डोक्यात ठेवून आता अल्बिनसकडं या.

बर्नहार्ड सीगफ्रीड अल्बिनस लायडनला प्रोफेसर होता आणि यान वांडेलार हा त्याचा चित्रकार. दोघांनी वीसेक वर्षं बरोबर काम केलं. त्यातली मोठी सोय अशी की चित्र काढणारा आणि ते तांब्यावर कोरणारा माणूस एकच होता, मध्ये दुसऱ्या कारागिराचा हात नाही.

त्यांची पहिली अडचण पर्स्पेक्टिव्हची होती. सांगाडा दोन मीटरवर उभा केला आणि डोळा छातीच्या उंचीवर धरला तर पावलं वरून दिसतात, हनुवटी खालून दिसते, बरगड्यांची पुढची टोकं मोठी आणि मागची लहान दिसतात. मोबाइल तोंडाजवळ धरून सेल्फी काढला की नाक मोठं येतं ना, तेच. म्हणून अल्बिनसनं चित्रकाराला ४० ऱ्हाइनलँड फूट लांब उभं केलं, म्हणजे आपल्या मापानं साधारण साडेबारा मीटर. तेवढ्या लांबून सगळं शरीर जवळजवळ सरळ समोरून दिसतं. पण मग मनगटातली आठ हाडं कशी दिसणार? त्यासाठी दोऱ्यांच्या दोन जाळ्या. एक चौकोनी जाळी सांगाड्याच्या अगदी पुढ्यात, आणि दुसरी तशीच, पण तिचे चौकोन पहिलीच्या दहाव्या हिश्शाचे. दोन्ही जाळ्यांच्या गाठी डोळ्याला एकावर एक बसलेल्या दिसल्या की डोळा बरोबर जागी आहे. लांबून मापं घ्यायची, कागदावर तसेच चौकोन आखून त्यात बसवायची, आणि मग जवळ जाऊन त्या त्या चौकोनातले बारकावे भरायचे. आम्ही आजही रेफरन्स फोटो काढताना लांब उभं राहून झूम लेन्स लावतो, कारण हेच आहे.

आणि तो सांगाडा म्हणजे कॉलेजच्या कपाटातली तारेनं जोडलेली वाळकी हाडं नव्हती. लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणारे बंध, आणि कूर्चा शाबूत ठेवल्या होत्या, त्या वाळून आकसू नयेत म्हणून व्हिनेगर वापरायचे, आणि उभं राहिलेलं माणूस दिसावं म्हणून दोऱ्यांनी ताणून टांगलं होतं. पोझ बरोबर आहे का हे बघायला शेजारी तशाच अंगकाठीचा एक जिवंत सडपातळ माणूस उघडा उभा करायचे आणि खांदा, कंबर, गुडघा त्याच्याशी ताडून दोऱ्या सैल-घट्ट करायचे. काम हिवाळ्यातलं, कारण बॉडी टिकवणारं फॉर्मॅलिन यायला अजून दीडशे वर्षं होती, आणि हॉलंडच्या थंडीत तो माणूस उघडा कसा उभा राहणार म्हणून शेकोटी लागायची. इकडं बॉडी थंड राहायला हवी, तिकडं माणूस ऊब मागतोय. मला हा भाग वाचताना दरवेळी त्या खोलीत उभं असल्यासारखं वाटतं.

एवढं सगळं केल्यावर तुम्हाला वाटेल की हे त्या एका सांगाड्याचं हुबेहूब चित्र असणार. तर नाही. अल्बिनसनं मुळात सांगाडा निवडतानाच मध्यम उंचीचा, प्रमाणबद्ध, पुरुषाचा निवडला, आणि त्यातही जिथं काही कमी-जास्त होतं तिथं चित्रात दुरुस्त केलं. त्याचं म्हणणं असं की देखणा चेहरा रंगवताना एखादा डाग असला तर चित्रकार तो काढून टाकतो, तसंच हे. मग या दुरुस्त केलेल्या सांगाड्यावर स्नायूंचे थर चढवले आणि ते स्नायू वेगवेगळ्या अनेक बॉडींच्या डिसेक्शनमधून आलेले आहेत. तुमच्या प्लेटमधला माणूस नीट बघा, तो नुसता सांगाडा नाहीच, वरचे स्नायू काढून टाकलेत पण खोलवरचे अजून जागेवर आहेत. असा माणूस कधी जन्मला नाही. वर्षानुवर्षं बघितलेल्या शरीरांचं सार काढून एका सांगाड्यावर बसवलंय, म्हणजे माझ्या दुसऱ्या कॅलोट ट्रँगलचंच काम, फक्त डोक्यापासून पायापर्यंत.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली जी मला अजून कुणी इतकी नीट केलेली दिसत नाही. मुख्य प्लेटवर एकही अक्षर नाही, बाण नाही, लेबल नाही. प्रत्येक मोठ्या आकृतीसोबत वेगळी एक नुसत्या बाह्यरेषेची प्लेट आहे आणि सगळी अक्षरं तिच्यावर. म्हणजे बघायचं एकीकडं, नावं शोधायची दुसरीकडं. तुम्ही पाठ करताना हे करून बघा, लेबल झाकून चित्र आणि चित्र झाकून आउटलाइन, फार फरक पडतो.

आता गेंडा. ती मादी, क्लारा तिचं नाव, आपल्या देशातली एकशिंगी. बंगालमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या घरी लहानपणापासून वाढली, १७४१ साली डच जहाजातून रॉटरडॅमला पोचली, आणि पुढं १७५८ साली लंडनमध्ये मरेपर्यंत तिला युरोपभर गावोगाव फिरवून दाखवलं. आल्या आल्या वांडेलारला ती बघायला मिळाली आणि त्यानं ती दोन प्लेटमध्ये घातली, एकदा माणूस समोरून आणि एकदा पाठमोरा. लोक म्हणतात मृत्यूचं प्रतीक वगैरे. अल्बिनसनं स्वतः दिलेलं कारण वेगळं आहे: कोऱ्या पांढऱ्या कागदावर आकृती ठेवली तर सगळ्या बाजूंनी पांढरं चमकतं, डोळा दिपतो आणि आकृतीवरचा उजेड-सावलीचा फरक मरतो, म्हणून मागं टोन हवा. आणि टोनसाठी काहीतरी घालायचंच तर असा दुर्मिळ प्राणी बघायला लोकांना आवडेल. पेट्रुस कॅम्पर हा त्याच्याच काळातला मोठा अ‍ॅनॉटॉमिस्ट, त्याला ही मागची सजावट पटली नव्हती. मला दोघांचंही कळतं. ऑपरेशनच्या चित्रात मी मागं काहीच घालत नाही, पण हाड कागदातून उठून यायला हवं असेल तर मागं राखाडी धरावाच लागतो.

तांब्यावरच्या रेषेबद्दल थोडं सांगते कारण तुम्ही कॉपी करणार आहात. मी एकदा प्रिंटमेकिंगवाल्या मैत्रिणीकडं आठवडाभर जाऊन तांब्याच्या पत्र्यावर ब्यूरिन चालवून बघितलं. ब्यूरिन म्हणजे चौकोनी पोलादी सळई, टोक तिरकं घासलेलं, मागं लाकडी मूठ तळहातात बसणारी. हात पुढं ढकलायचा आणि वळण घ्यायचं असेल तर हात नाही फिरवायचा, खाली चामड्याच्या उशीवर ठेवलेला पत्रा फिरवायचा. टोकापुढं तांब्याची बारीक चकाकती गुंडाळी निघत जाते. जोर वाढवला की रेषा जाड, कमी केला की बारीक, आणि एकदा गेलेली रेषा सहज खोडता येत नाही. आठवड्यात मला एक मनगटाचं हाडसुद्धा धड जमलं नाही, पण वांडेलारच्या प्लेट वाचायला मात्र आल्या. स्नायूवर त्याच्या रेषा फायबरच्या दिशेनं धावतात, टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, त्या जवळ येऊन उजळ होतात, हाडावर गोलाई दाखवायला आडव्या फिरतात. म्हणजे कुठला पदार्थ आहे हे रंगाशिवाय, नुसत्या रेषेच्या चालीवरून कळतं. पॅरिसमध्ये त्याच सुमारास गोतिए दागोती तीन रंगांच्या आणि एका काळ्या पत्र्यावरून रंगीत मेझोटिंट छापत होता, १७४६ सालची ती पाठ उघडलेल्या बाईची प्लेट तुम्ही कुठं ना कुठं बघितली असेल. देखणी आहे. पण मेझोटिंटमध्ये रेषाच नाही, सगळं मऊ टोनचं, त्यामुळं एक स्नायू कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला ते धूसर होतं. शिकायला ती घेऊ नका.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ: मापं कमालीची काटेकोर, पण माणूस मनातला. एका बाजूचं हे टोक. दुसऱ्या टोकाला विल्यम हंटर.

हंटर लंडनचा, बाळंतपणाचा डॉक्टर आणि अ‍ॅनॉटॉमीचा शिक्षक. त्याचं गरोदर गर्भाशयावरचं पुस्तक १७७४ साली आलं, बर्मिंगहॅमला जॉन बास्करव्हिलच्या छापखान्यात छापलेलं, ३४ प्लेट. चित्रं बहुतेक यान व्हान रिम्सडाइकची, लाल खडूतली, आणि कोरणारे वेगवेगळे. पहिली बॉडी १७५० च्या सुमाराच्या हिवाळ्यात मिळाली, दिवस भरत आलेली बाई अचानक गेली होती. हंटर लिहितो की बॉडी सडायच्या आत हाती आली, हवा थंड होती, रक्तवाहिन्यांत भरलेलं रंगीत इंजेक्शन नीट पसरलं आणि चांगला चित्रकारही मिळाला. एवढं सगळं एकत्र जुळून आल्याचं त्याला अप्रूप होतं. त्या बाईचं नाव मात्र पुस्तकात कुठं नाही.

हंटरनं प्रस्तावनेत दोन प्रकार स्पष्ट वेगळे केलेत: एक, वस्तू जशी दिसली तशी, पोर्ट्रेट, दुसरं, प्रत्यक्ष तशी न दिसलेली, मनात जुळवून काढलेली. तो पहिल्याच्या बाजूचा. म्हणून त्याच्या प्लेटमध्ये जे आहे ते सगळं आलंय, मांड्या कापलेल्या आहेत तर कापलेल्या दाखवल्यात, आतली गोल हाडाची कड आणि मांस दिसतं. सहावी प्लेट बघताना पहिल्यांदा धक्का बसेल, पूर्ण वाढलेलं बाळ डोकं खाली करून गर्भाशयात घट्ट बसलंय, केसांची लव दिसते, कानाची घडी दिसते. आणि एका प्लेटमध्ये तर गर्भाच्या ओल्या पडद्यावर खोलीतल्या खिडकीची तावदानं चमकताना दिसतात. मी पहिल्यांदा झूम करून ती तावदानं बघितली तेव्हा थांबलेच. गर्भाला खिडकी नसते, अ‍ॅनॉटॉमीत तिचा काही उपयोग नाही. पण ती काढल्यामुळं बघणाऱ्याला कळतं की चित्रकार त्या दिवशी त्या खोलीत त्या उजेडात बसून हेच बघत होता. साक्षीदाराची सही आहे ती.

पण एका शरीराचं इतकं प्रामाणिक चित्र म्हणजे त्या एका शरीराचंच चित्र. त्या बाळाचा हात जिथं होता तिथं सगळ्या बाळांचा नसतो. हंटरनं हे ओळखूनच एकाच अवस्थेच्या अनेक प्लेट दिल्या.

आणि गंमत बघा, तोच रिम्सडाइक हंटरचं पुस्तक छापून यायच्या वीस वर्षं आधी विल्यम स्मेली या बाळंतपणाच्या डॉक्टरसाठी अगदी वेगळं काढत होता. स्मेलीचा प्रसूतीच्या प्लेटचा संच १७५४ चा, ३९ प्लेट, त्यातल्या बऱ्याच रिम्सडाइकच्या आणि काही वर आलेल्या कॅम्परच्या. स्मेलीनं सांगूनच टाकलंय की बारीकसारीक सगळं दाखवायचं नाही, बाळंतपण करणाऱ्याला जेवढं लागतं तेवढंच. त्यामुळं पेल्विसचं (ओटीपोटाचं) हाड, बाळाचं डोकं, चिमटा कुठून घालायचा, बस. चित्रकार तोच, हात तोच, पण समोर कोण बसलंय ते बदललं की चित्र बदललं. माझं रोजचं काम स्मेलीच्या जातीचं आहे, हे मी अभिमानानं सांगते.

यंत्रानं हा गुंता सुटेल असं वाटत असेल तर विल्यम चेझल्डन बघा. लंडनचा सर्जन, १७३३ साली हाडांचं मोठं पुस्तक काढलं आणि चित्रकारांना कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरायला लावला, म्हणजे पेटीत भिंगातून पडलेली प्रतिमा गिरवायची. पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या चित्रात सांगाड्याचं धड उलटं टांगलंय, म्हणजे पेटीत ते सुलटं दिसेल. प्रतिमा भिंगानं पाडली, तरी कुठलं हाड निवडायचं, कुठल्या कोनातून, उजेड कुठून, हे माणसानंच ठरवलं. आज सीटी स्कॅनवरून थ्रीडी मॉडेल करताना मला हेच प्रश्न पडतात.

"साधारण माणूस" निवडण्यात एक धोका आहे, तो तुम्ही पेल्विस शिकणार म्हणून सांगणं भाग आहे. अल्बिनसचा परिपूर्ण माणूस पुरुष होता. बाईचा सांगाडा कसा असतो यावर पुढं दोन नावाजलेली चित्रं आली. एक १७५९ चं, पॅरिसच्या मादाम दार्कोंव्हिल यांनी करवून घेतलेलं, त्यात कवटी अंगाच्या मानानं लहान, छाती अरुंद आणि पेल्विस भलताच रुंद. दुसरं १७९७ चं, जर्मन अ‍ॅनॉटॉमिस्ट झमरिंगचं, माइन्त्सच्या एका २० वर्षांच्या मुलीच्या सांगाड्यावरून, पण तिची ठेवण ग्रीक-रोमन शिल्पांशी ताडून बघितलेली. यातलं दुसरं बरंच खरं आहे, तिथं कवटी प्रमाणात आहे. तरी ब्रिटनमध्ये पुढं पहिल्यालाच जास्त मान मिळाला, कारण बाईचं डोकं लहान आणि कंबर मोठी हे लोकांना आधीच पटलेलं होतं. चित्रकाराचा हात मापावर चालतो, पण माप कुणाचं घ्यायचं ते डोक्यातल्या समजुती ठरवतात. हा दोष एकट्या चित्रकाराचा नाही, आणि आजच्या पुस्तकांतूनही तो पुरता गेलाय असं मी म्हणणार नाही. स्त्री-पेल्विससाठी या जुन्या प्लेट वापरू नका, हाडं हातात घ्या.

आपल्याकडचं एक चित्र यात यायलाच हवं. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये एक पत्र आणि त्यासोबत चित्र छापलं. कावसजी नावाचा माणूस, नाव पारशी वाटतं पण पत्रात त्याला मराठा शेतकरी म्हटलंय, इंग्रज फौजेत बैल हाकायचा, टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि नाक व एक हात कापला गेला. वर्षभरानं पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. पत्रात सगळी कृती आहे: आधी मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या आकाराचा करायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची पण भुवयांच्या मधे एक बारीक पट्टी जोडलेली ठेवायची म्हणजे रक्त चालू राहील, मग कातडी वळवून खाली बसवायची. चिकटवायला पाण्यात भिजवलेल्या काथाच्या कापडी पट्ट्या, आणि चार दिवसांनी तुपाच्या पट्ट्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला ती जोडपट्टी कापायची. काथ आणि तूप म्हटल्यावर आपल्याला लगेच कळतं, लंडनच्या वाचकाला समजावून सांगावं लागलं.

मूळ पोर्ट्रेट त्या काळात मुंबई-पुण्याकडं असलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचं. मला त्यात शिकवण्यासारखं हे वाटतं की एकाच पानावर दोन्ही जातींची चित्रं आहेत. मोठा चेहरा हे पोर्ट्रेट, हंटरच्या बाजूचं, हाच माणूस, कपाळावरचा हाच व्रण. आणि बाजूच्या लहान आकृत्यांत मेणाचा नमुना आणि कातडीचा तुकडा, त्या कुणाच्याच नाहीत, त्या पद्धतीच्या आहेत. चेहरा बघून विश्वास बसतो की हे झालंय, आणि लहान आकृत्या बघून कसं करायचं ते कळतं. लंडनचा सर्जन जोसेफ कार्प्यू यानं या पद्धतीचा पाठपुरावा केला, आधी मृतदेहांवर करून बघितलं, १८१४ साली जिवंत पेशंटवर केलं आणि १८१६ ला पुस्तक छापलं. हंटरच्या बाईचं नाव नाही, इथं पेशंटचं नाव आहे पण नाक करणाऱ्याचं नाही. पत्र लिहिणाऱ्यानं ते विचारून लिहून ठेवलं असतं तर किती बरं झालं असतं.

आता तुमच्या "चालेल का" वर येते. तुम्हाला कशासाठी शिकायचंय त्यावर आहे. परीक्षेला, पेशंटला हात लावायला, तर मुख्य अभ्यास आजचं अ‍ॅटलस आणि डिसेक्शन हॉल, त्याला पर्याय नाही. नावं बदललीत, नर्व्ह आणि लिम्फचं ज्ञान खूप पुढं गेलंय. पण हाडाचा आकार, स्नायू कुठून निघतो आणि कुठं बसतो, टेंडन सांध्यावरून कसा वळतो, यासाठी अल्बिनस आजही उत्तम आहे आणि फिजिओला नेमकं तेच लागतं. आजच्या अ‍ॅटलसमध्ये सगळं लाल-निळं-पिवळं असतं, त्यामुळं डोळा रंग वाचतो, आकार वाचत नाही. डिसेक्शन हॉलमध्ये सगळंच तपकिरी-करडं दिसतं आणि पोरं गोंधळतात. काळ्या रेषेवरून शिकलेला डोळा तिथं कमी गोंधळतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

स्कॅन फुकट मिळतात, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या आणि लंडनच्या वेलकम कलेक्शनच्या साइटवर मोठ्या रिझोल्यूशनमध्ये. सोशल मीडियावरून आलेलं चित्र घेऊ नका, बऱ्याचदा ते मूळचं नसतं. अल्बिनसचंच बघा, १७४९ ला लंडनमध्ये इंग्रजी आवृत्ती आली तिच्यातल्या प्लेट दुसऱ्या कारागिरांनी नव्यानं कोरलेल्या आहेत, वांडेलारच्या नाहीत. आणि तांब्यावरचं चित्र छापल्यावर उलटं येतं, त्यामुळं घाईत नक्कल करणाऱ्यानं छापील चित्र जसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं की डावं-उजवं बदलतं. पोटा-छातीचं चित्र असेल तर लिव्हर शरीराच्या उजव्या बाजूला आणि हृदयाचं टोक डावीकडं आहे ना ते आधी बघायचं. नुसत्या सांगाड्यात हे कळत नाही, दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, तिथं मूळ आवृत्तीच शोधावी लागते.

कॉपी करताना माझी पद्धत अशी. ए-थ्री कागद, एचबी पेन्सिल, हलके चौकोन आखून घ्या, वांडेलारनंही तेच केलं. एका दिवशी एकच भाग, पोटरी म्हणा किंवा पुढचा हात. शेजारी आजचं अ‍ॅटलस उघडं ठेवा आणि कॉलेजमधून हाड मिळत असेल तर ते हातात घ्या, फिरवून बघा. जिथं प्लेट आणि हाड जुळत नाही तिथं लगेच प्लेट चुकीची म्हणू नका आणि हाडही चुकीचं म्हणू नका, समासात लिहून ठेवा, कारण तुमच्या हातातलं हाड एका माणसाचं आहे आणि प्लेट अनेकांची. मग आरशासमोर स्वतःचा तोच स्नायू आवळून बघा. महिनाभर केलंत की समासातल्या नोंदीच सगळ्यात कामाच्या निघतील.

आणि तुमची ती प्लेट करायला घेतलीत तर गेंडा सोडू नका. आधी नुसता माणूस काढा, मागं कोरा कागद ठेवून, मग मागचा राखाडी टोन आणि क्लारा भरा आणि दोन्हीचे फोटो शेजारी ठेवून मांडीची बाहेरची कड बघा.